जीटी नसलेली ‘फॅक्टरी जीटी’: १९६५ ची मस्टँग घेताना पैसे कसे बुडतात

कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटासमध्ये ‘ग्रेट मॉल’ आहे. बे एरियातली मराठी मंडळी तिथे कपडे-बूट घ्यायला जातात. ही इमारत म्हणजे फोर्डचा जुना सॅन होजे कारखाना. १९५५ ते १९८३ या काळात तिथे गाड्या बनत होत्या आणि पहिल्या पिढीतल्या मस्टँगही (फोर्डची स्पोर्टी गाडी) तिथून बाहेर पडल्या. कारखान्याने गाडीवर ठोकलेल्या ओळख-नंबरात (व्हीआयएन) पहिल्या आकड्यानंतर ‘आर’ असेल तर ती गाडी इथली.

एका मराठी कुटुंबाने १९६५ ची अशीच एक मस्टँग घेतली आणि ते फसलं. ती विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं. घ्यायला आलेल्या या कुटुंबाला त्याने पहिल्या भेटीत भावाचं काही विचारलंच नाही. ही गाडी तुम्हाला का हवी, एवढंच विचारलं. घरातल्या मोठ्यांनी मुंबई सांगितली. तिथे जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती आणि पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. त्या लांबलचक अमेरिकन गाड्या पाहत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांच्या मनात ही ओढ असतेच. दुसऱ्या भेटीपर्यंत गाडीला कथा जोडली गेली होती: एकच मालकीण, नवऱ्याच्या मागे गाडी गॅरेजात झाकून ठेवलेली, ‘आणि बघा, तुमच्याच गावात बनलेली’. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, आणि त्याच्या आधारावर बाकी सगळं खपलं.

जाहिरात अशी होती: १९६५ फास्टबॅक, फॅक्टरी जीटी, नंबर मॅचिंग, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, कोरड्या हवेतली बिनगंजाची गाडी. म्हणजे मागे उतरत्या छपराची, कारखान्यातूनच ‘जीटी’ या स्पोर्टी पॅकेजसह निघालेली, मूळचंच इंजिन असलेली आणि बॉडी फ्रेमवरून उतरवून नव्यासारखी केलेली.

‘फ्रेम-ऑफ’ या शब्दालाच तिथून निघायला हवं होतं. मस्टँगला वेगळी चॅसी नाही. बॉडी आणि सांगाडा एकत्र वेल्ड केलेले असतात, त्यामुळे ‘फ्रेमवरून बॉडी उचलून’ काम करण्याचा प्रश्नच येत नाही. असं लिहिणाऱ्याने एकतर काम केलेलं नसतं, नाहीतर समोरच्याला गाडीतलं काही कळत नाही हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

आता नंबर. १९६५ चा नंबर ५आर०९सी आणि पुढे सहा आकडी क्रमांक, असा असतो. ५ म्हणजे १९६५ हे मॉडेल वर्ष. कारखान्याचं अक्षर एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे आणि टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटुचेन. ०७ हार्डटॉप (नेहमीच्या पक्क्या छपराची), ०८ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची), ०९ फास्टबॅक. शेवटचं अक्षर इंजिनाचं: टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं, सी म्हणजे २८९ व्ही-८ दोन बॅरल कार्ब्युरेटरसह, ए म्हणजे २८९ चार बॅरल, २२५ हॉर्सपॉवर, आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं हाय परफॉर्मन्स इंजिन. नंबराच्या जागी ०७ आणि समोर फास्टबॅक उभी असेल, तर हार्डटॉपचं छप्पर कापून केलेली गाडी समजा.

जीटी पॅकेज एप्रिल १९६५ मध्ये आलं आणि ते फक्त ए किंवा के इंजिनावर मिळायचं. सी-कोडची फॅक्टरी जीटी फोर्डने बनवलेलीच नाही.

जाहिरातीतल्या फोटोत ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेवरची नंबराची पट्टी दिसत होती आणि तिच्यावर इंजिनाचं अक्षर ‘ए’ होतं. ही पट्टी नवी ठोकून मिळते, चार-दोन रिव्हेट मारले की काम झालं. खरा ठसा बॉनेट उघडल्यावर, ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डला लागून असलेल्या आतल्या पत्र्यावर असतो. तो वाचता यावा म्हणून मडगार्डच्या कडेला खाच असते. तिथे ‘सी’ होतं, टायटलच्या (मालकीच्या) कागदावरही ‘सी’. त्या जागेचा फोटो जाहिरातीत मुद्दामच नव्हता. हाच नंबर आणखी दोन जागी ठोकलेला असतो, दोन्ही बाजूंना मडगार्डखाली झाकलेला, आणि तो मडगार्ड काढल्याशिवाय दिसत नाही. मोठी रक्कम मोजणार असाल तर मडगार्डचे बोल्ट काढून बघायची अट घाला. जो खरा विकणारा आहे तो अर्धा दिवस देतो.

पट्टी बनवणाऱ्याने एक गोष्ट तशीच ठेवली होती, ती म्हणजे तारखेचा कोड ‘१८ए’, अर्थात १८ जानेवारी. जीटी पॅकेज निघण्याच्या तीन महिने आधीची गाडी. म्हणजे मूळ ठसा न बघताही खोटेपणा त्याच फोटोत दिसत होता.

खऱ्या जीटीला कारखान्यातूनच पुढे डिस्क ब्रेक, फॉग लॅम्प, पाच डायलचा मीटर, दुहेरी सायलेन्सर आणि मागच्या खालच्या पत्र्यातून बाहेर येणारे पाइप असतात. हे सगळं विकत मिळतं, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका. गाडीखाली झोपून मागच्या रेलला (सांगाड्याच्या लांब तुळईला) दुहेरी सायलेन्सरच्या हँगरसाठी वेल्ड केलेल्या मजबुतीच्या पट्ट्या आहेत का ते बघा. नकली जीटी करणारे बहुतेक तिथपर्यंत पोचत नाहीत. इथे नुसती भोकं पाडून बोल्ट लावले होते.

‘नंबर मॅचिंग’चा दावा तर अजून पोकळ. १९६५ मध्ये गाडीचा नंबर इंजिन ब्लॉकवर ठोकला जायचा तो फक्त के-कोड गाड्यांच्या. साध्या २८९ वर जुळवायला नंबरच नसतो. बघायचे ते ब्लॉकवर ओतीव असलेला कास्टिंग नंबर आणि ओतल्याची तारीख. तारीख वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि दिवस अशी असते: ‘५ए७’ म्हणजे ७ जानेवारी १९६५ (अक्षरांत आय वगळतात, म्हणून सप्टेंबरला जे). ब्लॉकची तारीख गाडीच्या तारखेआधीची हवी. या गाडीत कास्टिंग नंबर सी८ओई ने सुरू होत होता. तो १९६८ पासूनचा ३०२ चा ब्लॉक. २८९ आणि ३०२ बाहेरून सारखेच दिसतात. बोर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा ४.०० इंच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा): २.८७ आणि ३.०० इंच. ३०२ वाईट इंजिन नाही, पण भाव २८९ चा मोजलेला होता.

कोणी ‘मार्टी रिपोर्ट’ दाखवून १९६५ ची गाडी खरी असल्याचं सांगत असेल, तर तिथेच थांबा. फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून निघणारा तो अहवाल १९६७ पासूनच्या गाड्यांचाच मिळतो. इंटरनेटवरचा ‘स्वच्छ’ हिस्टरी रिपोर्टही इथे निरुपयोगी. सतरा अक्षरी नंबर १९८१ मध्ये आले, त्यामुळे जुन्या नंबराला बहुतेक ठिकाणी उत्तरच येत नाही, आणि उत्तर न येणं म्हणजे गाडी निर्दोष असणं नव्हे.

गंजाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. विंडशील्डच्या पुढे हवा आत घेणारी जाळी असते, तिला काऊल म्हणतात. दोन पत्रे एकमेकांवर वेल्ड करून ती पोकळी बनवलेली आहे. पानं, माती आत साचते, पाणी थांबतं आणि हवेच्या भोकांभोवतीची उभी कड आतून कुजते. मग प्रत्येक पावसात पाणी ड्रायव्हरच्या आणि शेजारच्याच्या पायाशी उतरतं आणि फ्लोअर सडतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतही हे होतं, कारण गाडी उघड्यावर झाडाखाली उभी असली की पुरे. परीक्षा सोपी आहे. पुढचं कार्पेट उचला, जाळीच्या दोन्ही टोकांना एकेक तांब्या पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. ‘कार्पेट खराब होईल’ म्हणून विकणारा नको म्हणाला, तर ती परीक्षा झाली असं समजा. खरी दुरुस्ती म्हणजे मडगार्ड, बॉनेट, वायपर उतरवायचे, स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलने सोडवायचे, वरचा पत्रा काढायचा, कड नवी लावायची. चोरवाट म्हणजे वरून सिलिकॉन आणि फायबर. ते एखादा पावसाळा निभावतं.

बाकी जागांसाठी रंगाची जाडी मोजणारा गेज विकत घ्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००. हजाराच्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे. या गाडीच्या मागच्या चाकांच्या कमानीखाली गेजने आकडा द्यायचंच सोडलं. खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर तो संरक्षणासाठी आहे असं धरून चालू नका. पेचकसाच्या मुठीने फ्लोअर, पुढचे रेल आणि बॅटरीखालचा पत्रा ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. शेवटी मागून जॅक लावा, दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट आधी आणि नंतर मोजा. फट बदलली तर दाराखालच्या पेट्या गेलेल्या आहेत.

गाडी घेतल्यावर दुसरी फसवणूक वर्कशॉपमध्ये झाली, आणि ती पहिल्यापेक्षा महाग पडली. निम्मे पैसे आगाऊ घेऊन गाडी पूर्ण उघडली गेली. उघडलेली गाडी मालक दुसरीकडे नेऊ शकत नाही, आणि भाडं, बिल थकवलं म्हणून वर्कशॉप तिच्यावर बोजाही चढवू शकतं. दरम्यान सुटे भाग बदलले गेले. जाड पत्र्याचा जुना बंपर ‘क्रोमिंगला’ गेला आणि परत आला तो पातळ नवा. फोर्डचा ठसा असलेलं मडगार्ड गेलं. इंजिनाच्या बिलात ‘बोअरिंग, नवे पिस्टन’ होतं, पण डोकं उघडून मोजल्यावर बोर ४.०० इंचच निघाला. ०.०३० इंच वाढवला असता तर तो ४.०३० भरायला हवा होता आणि पिस्टनच्या माथ्यावर ३० ठोकलेलं दिसलं असतं.

म्हणून गाडी देण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि न दिसणाऱ्या बाजूला पंचने खूण करा. पैसे टप्प्याने द्या: पत्रा उघडा झाल्यावर, वेल्डिंग झाल्यावर, इपॉक्सी प्रायमर लागल्यावर, आणि प्रत्येक टप्पा स्वतः जाऊन बघितल्यावरच. प्रायमरच्या आधीचा उघडा पत्रा बघणं सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यानंतर काहीच दिसत नाही. मशीन शॉपचं बिल मुळातून मागा, वर्कशॉपने पुन्हा लिहिलेलं नको. कॅलिफोर्नियात दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक देणं आणि वाढीव खर्चाला ग्राहकाची संमती घेणं बंधनकारक आहे. काढलेले जुने भाग परत हवेत हे कामाआधीच लिहून द्या. तक्रार ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे करता येते. टायटलचा मूळ कागद वर्कशॉपला कधीही देऊ नका.

लांबच्या राज्यातून घेत असाल तर विकणाऱ्याने सुचवलेली एस्क्रो वेबसाइट (सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्यस्थ म्हणून ठेवणारी) वापरू नका. ती बऱ्याचदा त्याचीच असते. बँकेच्या वायर ट्रान्सफरने गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत.

आधीच फसला असाल, तर दाराची खोटी पट्टी काढून फेकू नका. ती पुरावा आहे आणि नंबराच्या पट्ट्यांशी छेडछाड हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, तो तुमच्या अंगावर येऊ देऊ नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मेसेज, पैसे भरल्याच्या पावत्या आणि दोन्ही ठशांचे फोटो तारखेसह एकत्र ठेवा. विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलेलं असलं, तरी ‘फॅक्टरी जीटी’ असं लेखी खोटं सांगणं त्यामुळे माफ होतंच असं नाही. वकिलाला पहिल्या भेटीत हाच मुद्दा विचारा.