सात महिने ग्रिडलवर टाको: सगळा प्रश्न त्या उताराचा

काल माझ्या ग्रिडलचा (विजेवर तापणाऱ्या तव्याचा) प्रोब, म्हणजे त्याचं तापमान सांभाळणारा भाग, बदलून आला, म्हणून आज लिहायला बसलो. ग्रिडल घेऊन सात महिने झाले. वॅट, माप, नॉनस्टिक वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मी तो एकाच कामासाठी घेतला: बीफच्या खिम्याचे कुरकुरीत टाको (टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत दुमडलेला खिमा), झटपट, एका दमात सहा. आणि मला बोलायचंय ते मुख्यतः त्याच्या उताराबद्दल.

हा तवा सपाट नाही. सुटलेली चरबी भोकातून खालच्या ट्रेमध्ये जावी म्हणून तो एका बाजूला किंचित कलता आहे. ऐकायला सोय वाटते, पण टाकोला ती मारक ठरते. टाको कुरकुरीत होतो तो स्वतःच्याच चरबीत तळला गेल्यामुळे. २० टक्के चरबीचा खिमा घ्यायचा तो त्यासाठीच. इथे ती चरबी सुटली रे सुटली की वाहून जायची. उताराच्या टोकाचे दोन टाको खमंग, वरच्या बाजूचे दोन कोरडे, मधले धड ना इकडचे ना तिकडचे. ट्रेमधली चरबी ओतून टाकताना जीव जळायचा. ती मी खिम्याबरोबर पैसे मोजून घेतली होती!

दुसऱ्या महिन्यात मी खालच्या पायांखाली फॉइलच्या घड्या ठेवून तवा सपाट केला. मग चरबी मध्येच साचली आणि तडतडून ओटाभर उडू लागली. वैतागून कमी चरबीचा खिमा आणला. तो भुसभुशीत झाला आणि टॉर्टिया पुठ्ठ्यासारखी लागली. तिसऱ्या महिन्यात हे लिहिलं असतं तर पाचपैकी दोनच तारे दिले असते.

मत बदललं ते चौथ्या महिन्यात. साफसफाईत फॉइल काढून ठेवलं होतं, ते परत लावायचं राहिलं. पहिली खेप वरच्या बाजूला लागली. ती उलटल्यावर जागा करायला मी खाली सरकवली, आणि टॉर्टियाच्या बाजूला जो चुरचुर आवाज आला तो तोवर कधीच ऐकला नव्हता. वर टाकलेल्या पुढच्या खेपेचं मांस भाजलं जात होतं आणि त्याचीच चरबी ओघळून खालच्या टॉर्टिया तळत होती. तेव्हापासून उतार मला हवाच आहे. मांस भाजायचं ते नेहमी उताराच्या वरच्या बाजूला, टॉर्टिया तळायची ती खालच्या बाजूला.

आता माझी पद्धत अशी. मक्याची टॉर्टिया, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची, आदल्या दिवशीची असेल तर उत्तम, कारण ओलावा कमी असतो. गव्हाची घेऊ नका, ती चिवट होते. आधी दोन्ही बाजूंनी १५-२० सेकंद शेकायची, नाहीतर दुमडताना तडकते. ४०-५० ग्रॅम खिमा तिच्यावर हाताने अगदी काठापर्यंत पातळ थापायचा. हे ओट्यावरच करायचं. तव्यावर उलथण्याने दाबत बसलं की नॉनस्टिकचा लेप खरवडला जातो. माझा लेप सात महिन्यांनीही शाबूत आहे. मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी लावायचं. आधी कालवून ठेवलं तर खिमा सॉसेजसारखा घट्ट होतो. जिरेपूड आणि तिखट उलटल्यावर, कारण तापलेल्या तव्याला थेट लागले की मसाले करपतात.

मांसाची बाजू खाली, अडीच-तीन मिनिटं, मध्ये हलवायचं नाही. उलटायचं, खालच्या बाजूला सरकवायचं, चीज टाकून दुमडायचं. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. रंगावर विसंबू नका. थर्मामीटरची सुई बाजूने आत घाला.

दिव्यावरही विसंबू नका. तो विझला म्हणजे तवा तयार, असं पुस्तिका सांगते. प्रत्यक्षात कडा तेव्हा थंडच असतात. मी आणखी पाच मिनिटं थांबतो आणि पाण्याचा थेंब टाकतो. थेंब पसरून उकळला तर तवा कच्चा, गोळी होऊन नाचला तर तयार. आणि सहा टाको एकदम टाकले की तवा पार निवतो. खिम्यातलं पाणी उडून जाईपर्यंत मांस उकडतच राहतं, भाजत नाही. मी चारच टाकतो. एका दमात सहा होतात हा दावा फोल आहे.

सहाव्या महिन्यात प्रोब गेला. दिवा लागायचा, तवा गार. सेवा केंद्राने सांगितलं, "प्रोब वॉरंटीत येत नाही, सर." वॉरंटीच्या कार्डावर मात्र वगळलेल्या गोष्टी दोनच होत्या, लेप आणि ट्रे. कार्डाचा फोटो पाठवला, चार फोन केले, अकरा दिवस गेले, मग फुकट बदलून दिला. कार्ड जपून ठेवा.

त्या अकरा दिवसांत जुना बिडाचा तवा काढला. खरं सांगायचं तर मांसाला रंग त्यावर जास्त छान आला. बीड जाड, उष्णता धरून ठेवतं. थंड खिमा पडला तरी दमत नाही. पण एका वेळी दोनच टाको मावतात. घरात दोघंच असाल तर ग्रिडलवर पैसे घालवू नका. आम्ही पाच जण आहोत, म्हणून तो ठेवतोय.

काल नव्या प्रोबवर तीन खेपा काढल्या, बारा टाको. ट्रेमध्ये जेमतेम दोन चमचे चरबी जमली.