पुण्यात नगर नियोजन शिकणं : दोन वर्षांची पदवी आणि पुढची नोकरी

मी कराडची. सिव्हिलची पदवी घेतली, वाकडला एका बिल्डरच्या साइटवर नोकरी केली आणि मग पुण्यातल्या एका कॉलेजात नगर नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आता एका सल्लागार कंपनीत नगररचना योजनांवर काम करते. गेटचा (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचा) निकाल लागला की ओळखीतली मुलं विचारतात, "ताई, घेऊ का ॲडमिशन?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॉलेजचं नाव देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या बऱ्याच ठिकाणी आहेत.

या अभ्यासक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्टुडिओ, म्हणजे गटाने खऱ्या जागेवर जाऊन करायचं प्रात्यक्षिक काम. नुसत्या त्याच्यासाठी मी पुन्हा प्रवेश घेईन. पहिल्याच सत्रात आमच्या गटाला भवानी पेठेचा एक भाग दिला आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायला सांगितला. शहराचा विकास आराखडा (कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा आराखडा) करण्याआधी असा नकाशा करणं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ नुसार बंधनकारक आहे. काम ऐकायला सोपं वाटतं. राहती घरं पिवळ्या रंगात, दुकानं निळ्या, कारखाने जांभळ्या, शाळा-दवाखाने लाल. पण टिंबर मार्केटच्या बाजूला गेलं की तळमजल्यावर प्लायवूडचं दुकान, त्यावर गोदाम, त्यावर मालकाचं कुटुंब आणि मागच्या अंगाला भाडेकरूंच्या खोल्या. या इमारतीला रंग कोणता द्यायचा? यावर आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत वाद झाले. शेवटी आम्ही मजल्यानुसार वेगळे तक्ते केले आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, त्यावर कडक प्रश्न झाले. परीक्षक म्हणाले, ज्या खोलीत तुम्ही गेलाच नाहीत तिचा वापर तुम्ही कसा ठरवला? दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, जिने चढलो, आतल्या बायकांशी बोललो. पाणी किती वाजता येतं, शौचालय कितीजणांत आहे, पोरं कुठे खेळतात, हे सगळं त्यांनी सांगितलं. ऑफिसात आलेला नकाशा मी आजही जागेवर जाऊन ताडून पाहते, ती सवय तिथली.

वर्गातल्या शिकवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. परदेशी शहरांचे सिद्धांत भरपूर आणि पुण्याचे दाखले कमी. अपवाद एका निवृत्त अधिकाऱ्यांचा. ते आठवड्यातून एकदा कायदा शिकवायला यायचे. हरकती-सूचनांची सुनावणी कशी चालते, कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल कसा होतो, सार्वजनिक सोयीसाठी आरक्षण पडलेल्या जमिनीचा मालक समोर बसल्यावर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे त्यांनी शिकवलं. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) मात्र फारच वरवर उरकलं. मी त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर घरी बसून स्वतः शिकले. तुम्हीही प्रवेशाआधीच शिकून घ्या, ते मोफत मिळतं.

आता नोकरीचं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की राज्यांच्या नगररचना विभागांत १२ हजारांहून जास्त नगररचनाकार हवेत, प्रत्यक्षात मंजूर पदं ४ हजारांहूनही कमी, आणि त्यातलीही निम्मी रिकामी. गरज एवढी असताना आमच्या वर्गातल्या हुशार मुलांना जाहिरातीची वाट बघत बसावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकाराच्या परीक्षेला सिव्हिलवाले आणि आर्किटेक्टही बसतात, त्यामुळे नियोजनाची पदवी आहे म्हणून जागा आपलीच, असं कुणी धरून चालू नये. पण राज्याच्या नगररचना विभागाचं मुख्यालय पुण्यातच, मध्यवर्ती इमारतीत आहे. त्यामुळे इथे शिकताना अधिकारी भेटतात, जुने नकाशे बघायला मिळतात, आणि हा फायदा मोठा आहे.

बाकीचे कुठे गेले? काही सल्लागार कंपन्यांत, काही प्राधिकरणांत कंत्राटी पदांवर, काही वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थांत, दोघी पीएच.डी.ला. मला सुरुवातीला साइटवर होता तेवढाच पगार मिळाला. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. पण काम वेगळं आहे. नगररचना योजनेत शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते, बागा आणि सार्वजनिक सोयींची जागा काढून, नीट आखलेले अंतिम भूखंड त्यांना परत द्यायचे असतात. शिवाजीनगर, प्रभात रस्ता हा भाग अशाच योजनेतून वसला, तिथल्या पत्त्यांत अजून फायनल प्लॉट नंबर सापडतो. आज सातबारा हातात घेऊन एखादे काका टेबलासमोर उभे राहतात आणि विचारतात, "माझी विहीर कुठल्या प्लॉटात गेली, ते दाखवा." ती विहीर नकाशावर आधी कुणीतरी जाऊन टिपलेली असली, तरच उत्तर देता येतं.

प्रबंधाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुलं त्याला शेवटच्या सत्रातली कटकट समजतात. या शहराला पाहणीची मोठी परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकातच पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. माझा प्रबंध पुण्याजवळच्या उरुळी देवाचीच्या गावठाणावर आणि भोवतीच्या गुंठेवारीवर (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून झालेल्या वस्तीवर) होता. हे गाव २०१७ मध्ये महापालिकेत आलं आणि २०२४ मध्ये शेजारच्या फुरसुंगीबरोबर वेगळी नगरपरिषद होऊन बाहेर पडलं. तिथल्या कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या माणसांच्या दारात कर मागणारं कार्यालय बदललं, पण मी भेटले त्यांचा पहिला प्रश्न टँकर कधी येणार हाच होता. तिथे जमवलेली माहिती मला पहिल्या मुलाखतीत उपयोगी पडली. नोकरी देणाऱ्यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवून प्रबंधातले नकाशे मागून घेतले. माझ्या मैत्रिणीने घरकाम करणाऱ्या बायकांच्या बस प्रवासावर प्रबंध लिहिला. आज ती त्याच विषयात संशोधन करते.

दुःख एवढंच की हे प्रबंध बांधून ग्रंथालयाच्या कपाटात जातात. ज्या गावात पाहणी केली तिथे त्याची प्रत पोहोचवणं कॉलेजच्या नियमात नाही. मी माझ्या प्रबंधातले नकाशे आणि मराठीत लिहिलेली चार पानं गावात नेऊन दिली. हे प्रत्येक कॉलेजने सक्तीचं करावं असं मला वाटतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण जीआयएससाठी आणि प्रबंध मराठीत न लिहू देण्यासाठी कापला. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध बघायला मागा. त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले नकाशे आणि लोकांशी झालेली बोलणी दिसली, तर फॉर्म भरा. नुसती इंटरनेटवरची चित्रं दिसली, तर दुसरं कॉलेज बघा. गेट देऊन एम.टेक.ला आलात तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, त्याची कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात जमा करा.