ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय: पिट्युटरी सर्जरीचा आमचा रिव्ह्यू

दादाच्या पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की तो थिएटरमधला एमआरआय खरंच कामाचा असतो का नुसता बिल फुगवायचा प्रकार, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय.

पिट्युटरी म्हणजे नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉईड, अ‍ॅड्रिनल वगैरे सगळ्यांना हुकूम हीच सोडते. तिच्यातल्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, पण जागा एकदम वाईट, वरती डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात आणि दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड. १० मिलिमीटरपेक्षा लहान ती मायक्रो, बाकी मॅक्रो. दादाची मॅक्रो निघाली, हार्मोन न बनवणारी, त्यामुळे इतकी वाढेपर्यंत कुणाला पत्ताच नाही. कडेने येणारी गाडी दिसत नाही म्हणायचा, चष्मा बदलून झाला, फरक शून्य, शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजायची) केली तर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू गेलेली, मग लगेच एमआरआय.

सर्जन मॅडमचा स्वतःचा रिसर्च ह्याच विषयावर आहे, पिट्युटरीच्या ऑपरेशनमध्ये मध्येच स्कॅन करून काय फरक पडतो ह्यावर. मला वाटलेलं आता मशीनचं कौतुक ऐकावं लागणार, तर बाई पहिल्यांदा म्हणाल्या काय, "मशीन गाठ काढत नाही हो, राहिलेली दाखवतं फक्त." तिथेच निम्मा विश्वास बसला.

पिट्युटरीपर्यंत नाकातून जायची पद्धत तशी जुनी आहे, १९०७ मध्ये ऑस्ट्रियात हर्मान श्लोफरनी केलेली. अमेरिकेतल्या हार्वी कुशिंगसारख्या नावाजलेल्या मेंदूच्या सर्जनने अशी दोनशेच्या वर ऑपरेशनं केली आणि नंतर हा रस्ताच सोडून दिला! मग १९६० च्या दशकात माँट्रियलला ज्यूल हार्डीनी मायक्रोस्कोप आणला, १९९० च्या दशकात एंडोस्कोप म्हणजे नळीवरचा कॅमेरा आला, म्हणजे सगळी धडपड आत नीट दिसावं ह्याचीच. १९९४ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये थेट एमआरआयच्या आतच ऑपरेशन करायची सोय झाली, अर्धा टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीन, दोन चुंबकांच्या मधल्या फटीत सर्जन उभे. आता १.५ आणि ३ टेस्लाची मशीन्स वापरतात, कुठे चुंबक रुळावरून पेशंटपाशी येतो तर कुठे टेबल आत सरकतं.

आता एंडोस्कोपने एवढं स्वच्छ दिसतं तर स्कॅन कशाला, हा प्रश्न मीच विचारला. त्याचं उत्तर असं की मोठी गाठ खालून पोखरत आणली की वरचा पडदा पोकळीत खाली उतरतो आणि त्याच्या घडीमागे तुकडा लपून राहू शकतो, कॅमेऱ्याला घडीच दिसते, मागचं नाही. दादाच्या केसमध्ये अगदी हेच झालं. मॅडमना वाटलं आटोपलं, मग स्कॅनची तयारी. अवजारं मोजायची, लोखंडाचं काही राहिलं नाही ना ते यादी घेऊन दोघांनी तपासायचं, जमिनीवर चुंबकाच्या हद्दीची रेघ मारलेली असते तिच्या आत काही न्यायचं नाही, निर्जंतुक कपड्याने सगळं झाकायचं, ह्यात तासभर सहज जातो आणि तेवढी भूलही लांबते. स्कॅनमध्ये वरच्या बाजूला तुकडा दिसला, परत आत जाऊन काढला. एक बारीक भाग कॅरोटिडला चिकटलेला होता, तो मात्र दिसत असून मुद्दाम ठेवला. माझ्या मते खरी अक्कल इथेच लागते, दिसलं म्हणून ओढायचं नाही.

मशीनचे तोटेही आहेत. ताजं रक्त, पाणी, आत ठेवलेलं पॅकिंग हे सगळं स्कॅनवर गाठीसारखं दिसू शकतं, म्हणून जुन्या स्कॅनशेजारी ठेवून वाचणारा माणूस पक्का लागतो. आणि जाहिरातीत ९६ टक्के विरुद्ध ६८ टक्के असे आकडे दिसले तर हुरळून जाऊ नका. ते २०११ च्या लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमधल्या ट्रायलचे आहेत, पूर्ण गाठ निघाल्याचे, पण ती ट्रायल ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतच होणाऱ्या गाठीची, आणि हिशोबात धरलेले पेशंटही पन्नासपेक्षा कमीच. ग्लायोमात कवटी उघडल्यावर मेंदूच जागचा हलतो, आधीच्या स्कॅनवरून केलेला नकाशा चुकायला लागतो, तिथलं गणित वेगळं.

आता तक्रार. ऑपरेशन एवढं हायटेक आणि डिस्चार्जचा कागद मात्र अर्ध्या पानाचा! नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, स्ट्रॉने पिऊ नका, वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं गळलं तर लगेच या, हे सगळं होतं त्यात. रक्तातल्या सोडियमबद्दल एक अक्षर नाही. सुरुवातीला दादाला सारखी लघवी आणि तहान, ते वॉर्डात सांभाळलं त्यांनी, पण साधारण आठवड्याने उलटं होऊन सोडियम खाली येऊ शकतं हे कुणी सांगितलंच नाही. घरी मळमळ, डोकं जड, हाक मारली तर उशिरा ओ द्यायचा. रक्त तपासलं तर सोडियम घसरलेलं, पुन्हा अ‍ॅडमिट, पाणी मोजून प्यायचं. तेव्हा घरी जातानाच सोडियमच्या टेस्टची तारीख आणि त्रास झाला तर फोन कुणाला करायचा हे लिहून घ्या, आणि कॉर्टिसॉलच्या गोळ्या दिल्या असतील तर मनाने बंद करू नका.

मार्क द्यायचे तर मॅडमना पाचपैकी पाच, स्कॅनला चार, डिस्चार्ज डेस्कला एक आणि तोही नर्स सिस्टरांमुळे. दादाची कडेची नजर बरीच परत आली, ठेवलेल्या भागावर तीन महिन्यांच्या एमआरआयनंतर आता ठरलेल्या वेळी नजर ठेवतात.

हॉस्पिटल निवडताना मशीन किती टेस्लाचं ह्याआधी सर्जन वर्षाला किती पिट्युटऱ्या करतात ते विचारा, आणि हार्मोनचा डॉक्टर त्याच टीममध्ये आहे का तेही. आणि ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी प्रोलॅक्टिनची (दूध येण्याच्या हार्मोनची) टेस्ट झालीच पाहिजे, कारण प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते, स्कॅन नको आणि थिएटरही नको.