कुबाला की पुश्काश?

दोघेही हंगेरियन फुटबॉलपटू, १९२७ साली बुडापेस्टमध्ये जन्मले, दोघांनी देश सोडला आणि दोघेही स्पेनमध्ये नावारूपाला आले. लाझ्लो कुबाला १९४९च्या जानेवारीत सोव्हिएत सैनिकाचा वेष करून ट्रकमधून सीमेपार निसटला. फेरेंत्स पुश्काशला असलं काही करावं लागलं नाही. हंगेरीतला १९५६चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडला गेला तेव्हा त्याचा होन्वेद संघ परदेशातच होता. पुश्काश परत गेला नाही, एवढंच.

देश सोडल्याबद्दल फिफाची खेळण्यावर बंदी दोघांवरही आली, पण पुश्काशला ती जास्त भोवली. १९५८ साली रिअल माद्रिदने त्याला घेतलं तेव्हा वय ३१ आणि पोट सुटलेलं. लोक हसले असणारच! दोनच वर्षांनी ग्लासगोत युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात फ्रँकफर्टविरुद्ध ७-३ने जिंकताना पठ्ठ्याने एकट्याने चार गोल ठोकले.

कुबालाने बार्सिलोनाकडून १९५२ साली एकाच लीग सामन्यात सात गोल केले. तीन देशांकडून खेळला, पण विश्वचषकाचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. पुश्काश निदान १९५४चा अंतिम सामना खेळला, हरला तरी.

आकडे पुश्काशच्या बाजूने आहेत: हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल. तरी माझं मत कुबालाला. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानाबाहेर पुतळा त्याचा उभा आहे.