बन्स ५ स्टार, धुराला शून्य

म्हापशात कॉलेजजवळच्या एका कॅफेत गेलेलो, बन्स आणि पातळ भाजी एकदम झकास, चहापण कडक, पण मागच्या टेबलावर पोरांचं एकच वेप (ई-सिगरेट) फिरत होतं, आंब्याच्या वासाचं. एक पोरगा नको नको म्हणत होता तर बाकीचे "अरे सिगरेट नाय रे ही, नुसती वाफ" म्हणून हसायला लागले, शेवटी बिचाऱ्याने ओढलीच. त्यात बहुतेक वेळा निकोटिन असतं बाबा, सवय लागते! २०१९ पासून देशात ई-सिगरेट विकायला बंदी, पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, तरी काउंटरवाला चार्जिंगला लावून देतो?? मालकाला बोललो तर म्हणे गिऱ्हाईक तुटतं. मी आता बन्स पार्सलच नेतो.