प्रोसेसर बदलल्याचे पैसे घेतले, बदललं फक्त नाव

लॅपटॉपचा प्रोसेसर ‘अपग्रेड’ करून देतो असं सांगून एका दुरुस्तीवाल्याने माझ्या धाकट्या बहिणीकडून चांगली घसघशीत रक्कम घेतली आणि प्रोसेसरला हातसुद्धा लावला नाही. त्याने हे कसं केलं ते सविस्तर लिहितोय, कारण रोज कॉम्प्युटरवर बसणारा माणूसही यात सहज फसेल.

बहिणीचा लॅपटॉप आय५-७२००यू प्रोसेसरचा. ती इंटीरियरची कामं करते. थ्रीडी रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावला की मशीन तासन्‌तास अडकून पडायचं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, नवीन लॅपटॉप कशाला घेताय? यातच आठव्या पिढीचा आय७ बसवून देतो. जुना प्रोसेसर एक्स्चेंजमध्ये मला द्या, तेवढे पैसे कमी करतो.” तिला हा सौदा फायद्याचा वाटला. पण एक्स्चेंजच्या नावाखाली जुनी चिप ग्राहकाच्या हातात पडतच नाही, ही त्यातली खरी मेख.

लॅपटॉप परत आला तो खरोखरच चपळ झालेला. आधी सुरू व्हायला काही मिनिटं घ्यायचा, आता लगेच सुरू व्हायला लागला. कीबोर्डच्या बाजूला आय७ चं कोरं स्टिकर. ‘धिस पीसी’च्या प्रॉपर्टीजमध्येही स्वच्छ लिहिलेलं, आय७-८५५०यू. एवढं बघितल्यावर कोण शंका घेईल?

मग तिचा फोन आला. “दादा, बाकी सगळं पळतंय, पण रेंडरला पूर्वीइतकाच वेळ लागतोय.” इथे माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. तिच्या सॉफ्टवेअरमधला रेंडर सगळा प्रोसेसरच्या जिवावर चालतो. आय५-७२००यू मध्ये २ कोअर (प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणाऱ्या कामांच्या रांगा) असतात, आय७-८५५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. कोअर दुप्पट झाले तर बाकी कुठे नाही तरी रेंडरमध्ये फरक दिसायलाच हवा.

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो. कोअर्स २, लॉजिकल प्रोसेसर्स ४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रोसेसर्स’ उघडलं, तिथे प्रत्येक थ्रेडसाठी एक ओळ असते. आठ ओळी हव्या होत्या, होत्या चार, आणि चारही ओळींत नाव आय५-७२००यू. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं टूल माहिती थेट चिपकडून घेतं, त्यानेही तेच सांगितलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्येही आय५च.

मग प्रॉपर्टीजमध्ये आय७ कुठून आला? विंडोज तिथलं नाव रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) ‘प्रोसेसर नेम स्ट्रिंग’ या नोंदीतून उचलतं. ॲडमिनचे अधिकार असले की तिथे हवं ते टाइप करता येतं. ही नोंद प्रत्येक बूटला नव्याने तयार होते, म्हणजे खोटं नाव रीस्टार्ट केल्यावर पुसलं जायला हवं. त्याचीही सोय त्याने करून ठेवली होती. टास्क शेड्युलरमध्ये एक टास्क सापडला, नाव असं की विंडोजचाच वाटावा. लॉग-इन झालं की तो एक छोटी बॅच फाइल चालवायचा आणि तिच्यातली एकच ओळ खोटं नाव पुन्हा लिहायची. तो टास्क बंद करून रीस्टार्ट केलं, आणि प्रॉपर्टीजमध्ये आय५ परत आला.

वेग वाढला होता तो जुनी हार्ड डिस्क काढून एक स्वस्तातली एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण) बसवल्यामुळे आणि विंडोज नव्याने टाकल्यामुळे. बहिणीला खरं सांगितलं असतं तर तिने एसएसडीचे पैसे आनंदाने दिले असते. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

खात्रीसाठी मागचं झाकण उघडलं. फॅनपासून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाळीपर्यंत धुळीचा थर नमद्यासारखा घट्ट बसलेला, कुठेही मोडलेला नाही. हीटसिंक उचलल्यावर खाली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) खडूसारखी वाळून गेलेली. हीटसिंक काढल्याशिवाय प्रोसेसरपर्यंत पोचताच येत नाही, आणि तो एकदा काढला की नवी पेस्ट लावावीच लागते.

आता मुळात हे शक्य आहे का? आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला असतो. याला बीजीए म्हणतात. चिपच्या खाली हजारापेक्षा जास्त सोल्डरचे बारीक गोळे असतात. चिप काढायला रीवर्क स्टेशन (सोल्डर तापवून चिप उचलणारं यंत्र) लागतं, उष्णतेने बोर्ड वाकण्याचा धोका असतो, आणि चिप बसली तरी बायोसने तिला ओळखायला हवं. कागदावर शक्य असलं तरी गल्ल्यावर बसून ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणण्यासारखं हे काम नाही. ॲपलच्या एम मालिकेच्या लॅपटॉपमध्ये तर रॅमही प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते.

जुन्या मशीनची गोष्ट वेगळी. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०११ ते २०१४ च्या काळात, बऱ्याच लॅपटॉपमध्ये सॉकेट, म्हणजे चिप काढता-घालता येणारा साचा असायचा. स्क्रू फिरवला की चिप मोकळी. तिथे अपग्रेड खरोखर होतं, पण सॉकेट तेच हवं, बायोसचा पाठिंबा हवा आणि जास्तीची उष्णता कूलिंगला झेपायला हवी. त्यातही एका अक्षराने घात होतो: आय७-४७००एमक्यू सॉकेटमध्ये बसतो, आय७-४७००एचक्यू सोल्डर केलेला असतो. इंटेलच्या साइटवर प्रोसेसरच्या पानावर सॉकेटचा रकाना असतो. तिथे ‘बीजीए’ ही अक्षरं दिसली की प्रोसेसर बदलण्याचा विषय तिथेच सोडा. फ्रेमवर्कसारख्या मोड्युलर लॅपटॉपमध्येही नवा प्रोसेसर हवा तर अख्खा मेनबोर्डच बदलतात. दुसऱ्या लॅपटॉपलाही कुणी मदरबोर्डच बदलून देतो म्हणत असेल तर ते शक्य आहे, फक्त त्याचा खर्च वेगळा विचारून घ्या.

आम्ही सगळे स्क्रीनशॉट घेऊन दुकानात गेलो. आधी तो म्हणाला, “विंडोज अपडेटमुळे कधीकधी चुकीचं दाखवतं.” त्याच्या काउंटरवरच लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोस उघडलं, तेव्हा “मुलाने केलं असेल, मला कल्पना नाही” यावर आला. एसएसडीचे वळते करून बाकीचे पैसे परत द्यायला तयार झाला, तेही दुकानात इतर गिऱ्हाइकं उभी होती म्हणून. बिलावर त्याने नुसतं ‘लॅपटॉप अपग्रेड’ एवढंच लिहिलेलं. तो अडून बसला असता तर त्या दोन शब्दांवर आम्हाला काहीही सिद्ध करता आलं नसतं. त्यामुळे काढलेल्या आणि बसवलेल्या भागाचं पूर्ण मॉडेल बिलावर लिहून घ्या, जुना भाग हातात मागा आणि बायोसमधलं नाव दुकानातच बघून मग पैसे द्या.