हार्ड डिस्क दिसेना म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन केला, ७१,२०८ रुपये गेले

आधी आकडा सांगतो. २,३६०, मग ८,८५०, मग ४९,९९९, मग ९,९९९. एकूण ७१,२०८ रुपये. शनिवार, १४ जून २०२५, सकाळी अकरा ते दुपारी दीड. आणि ज्या दुरुस्तीसाठी हे सगळं झालं ती दुरुस्ती फुकटात, अर्ध्या मिनिटात होणारी होती.

दोन महिने घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. गेल्या आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एका मित्राचा फोन आला, “विंडोज अकरा टाकलं, आता हार्ड डिस्क डिटेक्ट होईना. कस्टमर केअरचा नंबर आहे का रे तुझ्याकडं?” माझ्या पोटात गोळाच आला. त्याला म्हटलं, कुठलाही नंबर लावू नको, मी येतो. आणि रात्री हे लिहायला बसलो.

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. सतरा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय. स्टुडिओतल्या मशीनवर विंडोज दहा होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार अशी सूचना सारखी स्क्रीनवर येत होती. मशीन २०१९ चं, विंडोज अकराला चालणारं. म्हटलं, मे महिन्याची लग्नं उरकलीत, पाऊस लागलाय, आताच करून टाकू. शुक्रवारी रात्री अपग्रेड लावलं आणि घरी गेलो.

सकाळी चार टीबीची बाहेरची हार्ड डिस्क जोडली. दिवा लागला, आतली तबकडी फिरतेय हे हाताला कळत होतं, पण ‘धिस पीसी’त तिचं नावच नाही. केबल काढून घातली, मागच्या पोर्टला लावली, मशीन बंद-चालू केलं. काही नाही. त्या डिस्कवर या सीझनची अकरा लग्नं होती. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करून पुढच्या ऑर्डरीला वापरलेली, म्हणजे दुसरी कॉपी नाही. एका पार्टीचा अल्बम तर आषाढ लागायच्या आत द्यायचा होता, कारण नवरी आखाडाला माहेरी येणार आणि तेव्हा सगळ्या भावकीला अल्बम दाखवायचा होता. नवरीच्या वडिलांचे तीन फोन येऊन गेलेले. माझी तेव्हाची अवस्था काय असेल ती धंद्यातल्यांना वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या मशीनला डिस्क लावून बघायची एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. चार दुकानं सोडून मित्राचा स्टुडिओ आहे, तिथं लॅपटॉप आहे. गेलो असतो तर हे सगळं तिथंच संपलं असतं. तुम्ही मात्र कुणालाही फोन करायच्या आधी हे करा.

मोबाइलवर डिस्कच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. १८०० नं सुरू होणारा नंबर, म्हणजे खराच असणार, असं धरून चाललो. कंपनीचा नंबर डिस्कच्या खोक्यावर असतो, खोकं माळ्यावर होतं.

हिंदीत बोलणारा पोरगा. शांत, अदबीनं. तक्रार क्रमांक मेसेजवर आला. डिस्कच्या मागचा सिरियल नंबर त्यानं विचारला, मी वाचून दाखवला, तो म्हणाला वॉरंटी ‘इनॅक्टिव्ह’ आहे, सुरू करायला २,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. बिल व्हॉट्सॲपवर आलं, कंपनीच्या लोगोसकट. यूपीआयनं पैसे पाठवताना समोर कंपनीचं नाव आलं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं आलं. विचारलं तर म्हणाला, “सर, वो हमारा पेमेंट पार्टनर है.”

आणि ते बिल! पत्ता मुंबईतल्या अंधेरीचा आणि जीएसटी नंबर ०७ नं सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७. माझ्या स्वतःच्या बिलबुकावर सात वर्षं २७ नं सुरू होणारा नंबर छापलेला आहे. बिल उघडून बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. मी फक्त बिल आलं एवढंच बघितलं. नंतर जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर भलत्याच कुणाचं तरी नाव निघालं. ही तपासणी फुकट असते, एक मिनिट लागतं.

मग त्यानं संगणकावर स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं. पुढचं सगळं त्यानंच केलं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोज बारीकसारीक घडामोडी नोंदवून ठेवतं ती यादी, उघडून लाल खुणा दाखवल्या, “देखिए सर, कितने एरर हैं.” त्या लाल खुणा प्रत्येक चालू मशीनवर असतात. तुमच्याही आहेत, आत्ता उघडून बघा.

आता तो क्षण. गेले दोन महिने रोज रात्री तोच डोळ्यांपुढं येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोलता बोलता त्यानं ‘डिस्क मॅनेजमेंट’ची, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी उघडली. खाली डाव्या कडेला ‘डिस्क १’, ३,७२६ जीबी, ऑनलाइन. (चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये तेवढीच दिसते, घाबरू नका.) तिच्या शेजारी लांब निळी पट्टी. पट्टीखाली ‘एनटीएफएस’, आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात ‘हेल्दी’. आणि सगळ्यात वर नाव, ‘सीझन २०२५’. मी माझ्या हातानं दिलेलं नाव! डिस्कच्या आतलं वाचता येत असल्याशिवाय विंडोजला ते नाव कळणारच नाही. नावापुढं कंसात एक अक्षर असतं, डी, ई, एफ, तेवढं फक्त नव्हतं. डिस्क ठणठणीत होती, तिला ड्राइव्ह लेटर मिळालेलं नव्हतं. अपग्रेडनंतर असं होतं. अक्षर नसलं की ‘धिस पीसी’त डिस्क दिसत नाही, बस्स.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर दोन-तीन सेकंद होतं. मी म्हणालोसुद्धा, “इधर तो हेल्दी लिखा है.” त्यानं खिडकी झटकन बंद केली. म्हणाला, “सर, वो बाहर से हेल्दी है, अंदर फाइल टेबल टूट गया है. अभी रिकवर नहीं किया तो परमनंट लॉस.” मी गप्प बसलो. प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर समोर लिहिलेलं होतं, आणि मी गप्प बसलो. त्या खिडकीवरून नजर काढायला नको होती, “परत उघडा” एवढंच म्हणायचं होतं. अकरा लग्नं डोक्यात होती, ‘परमनंट लॉस’ ऐकल्यावर माझं डोकं चालायचंच थांबलं. आता खुर्चीत बसून हसणाऱ्यांनी लोकांच्या लेकीबाळींच्या लग्नाचे फोटो एकदा स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळून बघावेत.

‘रिकव्हरी लायसन्स’चे ७,५०० अधिक जीएसटी, ८,८५०. काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं अर्धा तास पळत राहिली. शेवटी म्हणाला, रिकव्हरी ‘फेल’ झाली, ८,८५० रिफंड करतो, पण रिफंड मोबाइलवर येतो, तेच ॲप मोबाइलवरही घ्या.

बायको शेजारीच अल्बमची पानं लावत होती. ती म्हणाली, “अहो, डिस्कच्या कंपनीला तुमचा मोबाइल कशाला बघायचाय?” मी तिच्यावरच खेकसलो. त्याबद्दल तिची माफी मागितली आहे, इथंही मागतो.

फॉर्म आला, खातं क्रमांक भरला, नेटबँकिंगचा पासवर्ड ‘पडताळणीसाठी’ टाकला. १२ वाजून ५२ मिनिटांनी चालू खात्यातून ४९,९९९ गेल्याचा मेसेज. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. एकदाही नाही. तो माझ्या मोबाइलची स्क्रीन बघत होता, ओटीपी आला तसा त्यानंच वाचला. ‘ओटीपी सांगू नका’ अशा पाट्या लावतात, पण सांगावाच लागत नाही हे त्या पाटीवर लिहीत नाहीत.

मी संगणकाची वायर उपटली. मोबाइलवरचं ॲप तसंच चालू राहिलं, ते लक्षातच आलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन लावा. मी त्याच फोनवरून लावला.

दुसरा शनिवार, शाखा बंद. हेल्पलाइनवर भाषा निवडा, खातं क्रमांक टाका, पुन्हा टाका, वाट बघा. सतरा मिनिटं. माणूस लागला, १ वाजून १७ मिनिटांनी तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, “खातं ब्लॉक केलंय सर.” १ वाजून ३१ मिनिटांनी त्याच ‘ब्लॉक’ खात्यातून आणखी ९,९९९ गेले.

मग १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. ती तिसऱ्यांदा लागली. तिथल्या बाईंनी व्यवहार क्रमांक नीट लिहून घेतले. त्यामुळं १२,४०० रुपये पुढच्या एका खात्यात अडकवले गेले, हे नंतर कळलं. पहिला फोन १९३० लाच करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटामिनिटाला पळत असतात.

पोलीस ठाण्याचं काय सांगू? ठाणे अंमलदार म्हणाले, “हे सायबरचं, जिल्ह्याला जा.” ६० किलोमीटर गेलो. तिथं म्हणाले, “रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात द्या, अर्ज आमच्याकडं येईल.” परत आलो. “आज साहेब बंदोबस्ताला आहेत.” दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, पहिला प्रश्न, “शिकलेले दिसता, मग ॲप घेतलंत कशाला?” घरफोडी झालेल्या माणसाला कुणी विचारतं का, तुम्ही घर कशाला बांधलंत म्हणून? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कुठलंही ठाणं माहिती नोंदवून घेऊ शकतं. मी ते कलम सांगितलं तर, “तुम्ही वकील आहात का?” चार फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेतला, पोच द्यायला आणखी एक फेरी. अडकलेले १२,४०० सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा म्हणाले. त्यासाठी काय करायचं हे विचारलं की पुढच्या सोमवारी या. असे पाच सोमवार झाले.

सोमवारी, १६ जूनला बँकेत गेलो. शाखेतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “ॲप तुम्ही घेतलंत, पासवर्ड तुम्ही टाकलात, बँकेची जबाबदारी नाही.” ४९,९९९ बद्दल त्यांचं म्हणणं एक वेळ समजू शकतो. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी त्यानं बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. माझ्याकडं १.१७ चा तक्रार क्रमांक आणि १.३१ चा व्यवहार, दोन्हींचे स्क्रीनशॉट होते. तोंडी तीनदा सांगितलं, तीनदा हाकलल्यासारखं केलं. लेखी अर्ज, त्यावर परिपत्रकाची तारीख, आणि पोच म्हणून शिक्का मागितला, तेव्हा कुठं बाराव्या दिवशी ९,९९९ जमा झाले. बँकेत तोंडी काहीही बोलू नका. कागद द्या, शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. बाकीच्या रकमेसाठी मी ती केली आहे.

डिस्कचं सांगायचं राहिलं. रविवारी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा.” तीच खिडकी, तीच निळी पट्टी, तेच ‘सीझन २०२५’. “आता पट्टीवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘ॲड’, ओके.” डिस्क टपकन उघडली. अकराच्या अकरा लग्नं जागेवर. मला बोलवेना, भाचा तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

‘एनटीएफएस’च्या जागी ‘रॉ’ किंवा ‘हेल्दी’च्या जागी ‘अनॲलोकेटेड’ दिसलं तर मात्र हात लावू नका. विंडोज ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ करू का विचारेल, नाहीच म्हणायचं. डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर लगेच काढून ठेवा आणि रिकव्हरीवाल्याकडं स्वतः घेऊन जा. फोनवर, दूर बसून, दुसऱ्याच्या स्क्रीनवरून अशी डिस्क कुणीही दुरुस्त करत नाही. आणि अपग्रेडच्या आधी दुसरी कॉपी काढा. मी आता दुसरी चार टीबी घेतली आहे. ती जूनच्या आधी महाग वाटत होती.

अल्बम २४ जूनला पोचवला, आषाढ लागायच्या दोन दिवस आधी. नवरीच्या वडिलांनी पानं उलटून बघितली, फोटो चांगले आलेत म्हणाले आणि उरलेले पैसे हातावर ठेवले. त्यांना मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही.